घोडा न मागणारा भाचा

आमच्याकडे म्हणतात, भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले. लांडगा एखादं मेंढरू उचलतो आणि गुमान निघून जातो. भाचा येतो तो हक्क घेऊन. बहिणीच्या मुलानं मामाकडे जन्मात तीन गोष्टी मागायच्या आणि मामानं त्या निमूट द्यायच्या, ही आम्हा कझाखांची रीत. नाही म्हणायची सोय नाही. बरं, चिडून दोन थोबाडीत ठेवाव्यात, तर भाच्यावर उगारलेल्या हाताला जन्माचा कंप सुटतो, असंही थोरांनी सांगून ठेवलंय. ही रीत ज्यानं कुणी काढली, तो स्वतः कुणाचा तरी भाचाच असणार.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा दुमान. चाळिशीला टेकला तरी त्याच्या तिन्ही मागण्या शिल्लक. बाकीची पोरं मिसरूड फुटायच्या आत शिंगरू माग, खोगीर माग, शिकारी कुत्रा माग, असं करून मोकळी होतात. यानं तोंड उघडलं नाही. सगळं गाव म्हणायचं, "बायझाक, तुझा भाचा भलता गुणी." गुणी कसला! मी म्हणायचो, दबा धरून बसलाय. कारण माझ्या तबेल्यात शुबार आहे. ठिपक्यांचा घोडा. खोऱ्यातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत दोन वर्षं झाली, बाकीच्या घोड्यांना त्याच्या शेपटीपलीकडे काही दिसलेलं नाही.

तर या शरदातल्या मवाळ उन्हाच्या दिवसांत, लग्नसराई ऐन रंगात असताना, दुमानच्या बायकोचा, जानिलचा, अल्माटीहून फोन आला. मामा, ह्यांना तुमच्याकडे पाठवते म्हणाली. आणि रडायला लागली.

दुमान अल्माटीत आसाबा आहे. आसाबा म्हणजे समारंभात माईक धरून उभा राहतो तो. कुणाला आधी बोलू द्यायचं, कुणाला मध्येच गप्प करायचं, रुसलेल्या व्याह्याला कसं हसवायचं, सगळं त्याच्या जिभेवर. आसाब्याशिवाय आमच्याकडे लग्न काय, दात आलेल्या पोराचं कौतुकसुद्धा होत नाही. आणि दुमानसारखा आसाबा म्हणजे काय विचारता, मयताच्या जेवणात माणसं त्याला बघून हसली होती. रोज संध्याकाळी एक लग्न, शनिवारी दोन, सकाळी बालवाडीचा कार्यक्रम, मधल्या वेळात कुणाच्या तरी दुकानाचं उद्घाटन. अशी बारा-पंधरा वर्षं.

मग परवा एका लग्नात प्रकार झाला. नव्या नवरीच्या तोंडावरचा पडदा काढतात, तेव्हा आसाबा सासरच्या एकेकाचं नाव गाण्यात घेतो, नवरी त्या माणसाला वाकून नमस्कार करते, आणि ज्याला नमस्कार झाला त्यानं ओवाळणी टाकायची. दुमाननं सासू घेतली, सासरा घेतला, चुलते-मामे सगळे घेतले. यादी संपली. दुमान संपेना. डोकं बंद पडलेलं आणि तोंड चालू. त्यानं वाढपी घेतले. ढोलवाला घेतला. नवरी वाकतेय बिचारी. मग कोपऱ्यातल्या फ्रिजकडे हात करून म्हणाला, आता नमस्कार आपल्या गोऱ्यापान, थंड डोक्याच्या, सगळ्यांचं पोटात घालणाऱ्या थोरल्या काकांना. नवरी फ्रिजला वाकली. सासरकडचे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले, आणि शेवटी हॉलच्या मालकानं फ्रिजच्या वतीनं ओवाळणी टाकली. दुमान झुंबराकडे वळला तेव्हा जानिलनं त्याच्या हातातून माईक काढून घेतला. पडद्यामागं नेऊन पाणी पाजलं, तर हा विचारतो, "जानिल, लग्न कुणाचं आहे?" तिनं सांगितलं. मग म्हणतो, "आणि मी कुठल्या बाजूचा?"

डॉक्टर म्हणाले, कामानं आतून जळून गेलाय, विश्रांती द्या. आमच्या काळात चुली जळायच्या, माणसं नाही, पण ते असो. जानिल म्हणाली, "मामा, ह्यांना 'नाही' म्हणताच येत नाही. कुणाचाही फोन येऊ दे, हे हो म्हणतात. पंधरवड्यानं अस्तानाच्या एका बड्या माणसाकडचं लग्न आहे, तीन दिवसांचं. त्यालाही हो म्हणून बसलेत. तिथं गेले तर माझा माणूस माझ्या हाती लागायचा नाही."

तिची कळकळ मला कळली नाही असं नाही. पण खरं सांगू? माझ्या कानात एकच वाक्य घुमत होतं, की दुमान येतोय. म्हटलं, घोडं इथं पेंड खातंय. आजारपण-बिजारपण सगळं सोंग. हा शुबारला मागायला येतोय.

शेजारी सेइलखानकडे पत्र्याचं गॅरेज आहे. त्याला म्हटलं, तुझी गाडी काढ बाहेर, माझा घोडा ठेव आत. सेइलखान आधी पोट धरून हसला आणि मग अट घातली. त्याचा नातू नुकता चालायला लागलाय. पोराच्या पायात दोरी बांधून ती कापायचा समारंभ रविवारी ठरलेला, जेवायला अख्खं गाव. तिथं दुमाननं आसाबा म्हणून उभं राहायचं, फुकट. मी म्हटलं, एवढंच ना? भाचा माझाच आहे, जातोय कुठं. भाच्यापासून घोडा लपवायला मी भाचाच तारण ठेवला, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नाही. माझी बायको कुलपाश म्हणाली, "अहो, घोडा मागायचाच असेल तर तो नाव घेऊन मागेल. लपवून काय होणार?" बायकांना घोड्यांतलं कळत नाही म्हणून मी तो विषय तिथंच संपवला.

दुमान बसमधून उतरला आणि मी क्षणभर दुसऱ्याच कुणाला तरी घ्यायला पुढं झालो. एरवीचा हा गोल गरगरीत माणूस, आता शर्ट नुसता खांद्यावर टांगलेला. आवाज तर बसून बसून तळाला गेलेला. कुलपाशनं मटण शिजवलं होतं, परात मध्ये ठेवली, घोड्याच्या मांसाचा चांगला तुकडा त्याच्या पुढ्यात सरकवला. तो खात होता, पण दार वाजलं की ताडकन उभा. चमचा तोंडापाशी धरून म्हणायचा, "आणि आता आपल्यात आगमन होतंय..." आत यायची मांजर. एकदा तर चहाच्या पाण्याचा समोवार घेऊन कुलपाशच आली, तिच्यासाठी त्यानं टाळ्या मागितल्या. मग हातातल्या चमच्याकडे बघायचा आणि लाजून खाली ठेवायचा. कुलपाश डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं डोळे पुसत होती. मी मनात म्हणत होतो, काय नट आहे!

तो झोपला. उठला, चहा प्याला, पुन्हा झोपला. मागणीचं नाव नाही. माझ्या जिवाला घोर. मागून टाक म्हणावं एकदाचं. शेवटी मीच उपाय करायचं ठरवलं. घोडा तापेपर्यंत पळला तर त्याच्यावर घोंगडं टाकून हळूहळू चालवतात, पाणी बेतानं देतात. दुमानच्या अंगावर घोंगडं टाकलं, दंडाला धरलं आणि अंगणात फेऱ्या मारायला लावल्या. तो निमूट चालायला लागला. तेवढ्यात मला कुणीतरी हाक मारली, मी गेलो, तिथं चहा झाला, दुसऱ्याच्या गाईचं काय बिनसलंय ते बघितलं, गप्पा झाल्या. परत येतो तो अंगणात दुमान अजून फिरतोय. घोंगड्यासकट. जीभ कोरडी पडलेली.

"अरे गाढवा, थांबायचं ना!"

"तुम्ही चाल म्हणालात मामा," तो म्हणाला.

तेवढ्यात कुलपाश लाटणं घेऊन बाहेर आली. ते लाटणं त्याच्यासाठी नव्हतं.

माझ्या मनात पहिल्यांदा तेव्हा काहीतरी हललं. सोंग करणारा माणूस एवढ्या फेऱ्या मारत नाही. पण माणसाचं मन म्हणजे काय, एकदा संशय बसला की बसला.

त्यात गावाला पत्ता लागला. एवढा नावाजलेला आसाबा आलाय म्हटल्यावर रीघ लागली. कुणाच्या सासूचा वाढदिवस, कुणी नवा ट्रॅक्टर घेतलेला, त्याच्यासाठी दोन आशीर्वादाचे शब्द. एकजण तर नुसतंच म्हणाला, काहीतरी गंमत सांगा, लांबून आलोय. लांबून म्हणजे पलीकडच्या गल्लीतून. दुमान सगळ्यांना हो म्हणत होता. हो म्हणताना हसायचा, पण ते हसू ओठांवरच थांबायचं, आणि पाहुणा गेला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. एकदा मी बघितलं, पडल्या पडल्या त्याचे ओठ हलत होते. ट्रॅक्टरसाठी यमक जुळवत होता.

मग तो नाहीसा व्हायला लागला. चहा झाला की बाहेर, थेट जेवायला परत. मी पाळत ठेवली. आणि जे बघितलं त्यानं माझ्या तोंडचं पाणी पळालं. हा सेइलखानच्या गॅरेजमध्ये, जुन्या टायरवर, शुबारच्या समोर बसलेला. शुबार त्याच्या टोपीचा काठ चावतोय आणि हा चावू देतोय. माझ्यासारख्या माणसानं टोपी पुढं केली तर हा घोडा हात तोडतो.

दुमाननं मला बघितलं. उठला नाही. म्हणाला, "मामा, एक मागू?"

हात उगारलाही नव्हता तरी माझा हात थरथरायला लागला. पण रीत ती रीत. म्हटलं, माग.

"मला रोज इथं बसू द्या. आणि मला कुणी काही विचारायचं नाही. बरं वाटतंय का, एवढंसुद्धा नाही."

"आणि?"

"आणि काही नाही."

"आणि घोडा?" माझ्या तोंडून निसटलंच.

"घोडा इथंच असू दे ना," दुमान म्हणाला. "अख्ख्या गावात हा एकटाच मला काही बोल म्हणत नाही."

जन्मात तीनदा मागायचा हक्क, त्यातला एक यानं 'कसा आहेस' असं विचारू नका यावर उधळला. मी बहिणीच्या पोराचे डोळे तेव्हा नीट बघितले. घोड्याचे बघतो तसे आधीच बघायला हवे होते. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि काही विचारलं नाही. मला ते जमत नाही, म्हणून दातांखाली गवताची काडी धरली होती.

कुलपाशनं त्याच दिवशी दारात खुर्ची टाकली आणि येईल त्याला अंगणातूनच परत पाठवायला लागली. ट्रॅक्टरवाल्याला तिनं स्वतःच आशीर्वाद देऊन टाकला, तो घाबरून निघून गेला. दुमानला झोप लागायला लागली. एक दिवस त्यानं स्वतःहून दुसऱ्यांदा मटण घेतलं. मी आनंदानं विचारणार होतो, आवडलं का, पण कुलपाशनं माझ्या पायावर पाय दिला.

आणि शुक्रवारी सेइलखान दारात उभा. म्हणाला, रविवारचं लक्षात आहे ना? गाव सांगितलंय, दोन मेंढ्या कापायच्या आहेत, माईक आणलाय.

आता सांगायचं कुणी? मीच सांगितलं दुमानला, सगळं, गॅरेजच्या भाड्यासकट. तो ऐकत राहिला. आणि त्याच्या तोंडून सवयीनं शब्द आला, "हो." म्हणाला आणि पांढराफटक पडला. जेवला नाही. कुलपाश माझ्याकडे अशी बघत होती की मी माझं ताट घेऊन अंगणात गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्यासमोर येऊन बसला. घाम फुटला होता त्याला. म्हणाला, "मामा, दुसरी मागतो. उद्या माझ्या जागी तुम्ही उभे राहा."

आता माझं सांगतो. मी चारचौघांत बोललेलो नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात माझ्या वतीनं माझा भाऊ बोलला. घोड्यांशी बोलतो, कुलपाशशी भांडतो, बाकी मला माणसांसमोर शब्द फुटत नाही, फुटला तर शिवी फुटते. मी त्याला म्हटलं, अगदी मनापासून म्हटलं, "दुमान, त्यापेक्षा शुबार घे."

"शुबार नको मला," तो म्हणाला.

रविवारी सेइलखानच्या अंगणात गाव भरलं. माईक हातात आला आणि त्यातून माझाच श्वास मला ऐकू यायला लागला. दुमान मागच्या रांगेत कुलपाशजवळ बसला होता. मी म्हटलं, बसा. सगळे बसलेलेच होते. मग म्हटलं, खा. तेही चालूच होतं. पुढं काय म्हणतात ते आठवेना, म्हणून मी जे दिसेल ते सांगत सुटलो. म्हटलं, आता आब्द्राश बोलतील, ते लांबण लावतात, तोवर गरम आहे ते खाऊन घ्या. मग म्हटलं, व्याही आलेत, त्यांचं स्वागत, मागच्या खेपेला ह्यांनी आहेरात दिलेल्या कोटाला अस्तर नव्हतं, या खेपेला बघून घ्या. दोन म्हातारे आधी कोण बोलणार यावरून कुरकुरायला लागले, तर म्हटलं, दोघंही उभे राहा आणि भांडा, जो जिंकेल तो थोरला. पोराच्या पायातली दोरी कापायची वेळ आली. दोरी कापणारा माणूस चपळ, उद्योगी आणि सरळ असावा लागतो, म्हणजे पोर तसं होतं. मी सगळ्या गावावरून नजर फिरवली आणि म्हटलं, असा कुणी आपल्यात नाही, सेइलखान, सुरी पोराकडेच दे.

लोक परातींवर पालथे पडले. मला वाटलं, आता मार खातो. आणि त्या सगळ्या गलक्यात मला एक आवाज वेगळा ऐकू आला, गंजलेलं फाटक उघडावं तसा. दुमान हसत होता. पहिल्यांदा अडखळत, मग मोठ्यानं, मग डोळ्यांतून पाणी, मग नुसता कुलपाशच्या खांद्याला धरून. माझा राग गेला, भीती गेली. मी आणखी दोघातिघांचे वाभाडे काढले, केवळ तो थांबू नये म्हणून.

दोरी अखेर कुलपाशनं कापली. पोर जे सुटलं ते थेट गॅरेजकडे पळालं.

समारंभ संपला आणि मलाच लोकांनी गाठलं. बायझाक, आमच्याकडे पुढच्या महिन्यात लग्न आहे, तुम्हीच उभं राहायचं. असे तिघं आले. मी तिघांनाही नाही म्हणालो आणि चहाला बसलो. दुमान माझ्याकडे आ वासून बघत होता.

"मामा, हे कसं म्हणता?"

"काय कसं? नाही म्हणजे नाही."

"मग ते रागावतात?"

"रागावतात की."

"मग?"

"मग घरी जाऊन जेवतात. रागानं कुणी उपाशी राहिलेलं बघितलंयस?"

तो विचारात पडला. एवढा मोठा आसाबा, देशभरातल्या म्हणी पाठ, आणि हे त्याच्या कानावर कधी पडलं नव्हतं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. अस्तानाच्या बड्या माणसाचा माणूस. दुमान फोनकडे बघत राहिला, फोन वाजून वाजून थांबला. परत वाजेल म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मामा, तिसरी मागतो."

कुलपाश चहा ओतता ओतता थांबली.

"तुम्ही माझ्याकडे काहीतरी मागा. तुम्हाला मनापासून हवं असेल ते. खोटंखोटं चालणार नाही, त्याचा उपयोग नाही. तुम्ही मागायचं आणि मी नाही म्हणणार. तुम्हाला म्हणता आलं तर मला कुणालाही म्हणता येईल."

मी म्हटलं, हे कसलं मागणं? पण तो हसत नव्हता. आणि मला मनापासून काय हवं होतं, ते मला चांगलं ठाऊक होतं. या हिवाळ्यात माझी सत्तरी. अख्खं खोरं जेवायला बोलवायचं, आणि माझ्या मेलेल्या बहिणीच्या मुलानं, एवढ्या नावाजलेल्या माणसानं, सगळ्यांसमोर उभं राहून माझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचे. हे मी कुलपाशलासुद्धा बोललो नव्हतो. मी ते सांगितलं. सांगताना माझा आवाज मला आवडला नाही.

दुमाननं माझ्याकडे बघितलं. त्याचे ओठ 'हो' म्हणायला गोल झाले, मी ते स्पष्ट बघितलं. हात चमच्याकडे गेला. मग त्यानं तो हात मांडीखाली दाबून धरला.

"नाही, मामा," तो म्हणाला.

बारीक आवाजात म्हणाला, पण छातीत लाथ बसली. मला वाईट वाटलं, अगदी लहान मुलासारखं वाईट वाटलं. माझ्या सत्तरीला नाही? आईच्या सख्ख्या भावाला? मी तसं म्हणालोही, भडकून म्हणालो, ते काही नाटक नव्हतं. आणि तो पुन्हा म्हणाला, "नाही." या खेपेला आवाज बसलेला नव्हता. मग त्याला चवच लागली. चहा घेणार का, नाही. उशी देऊ का, नाही. शेवटी कुलपाश म्हणाली, पुरे आता, चहा घे. तो चहा त्यानं घेतला.

फोन परत वाजला. तो बाहेर अंगणात गेला. आम्ही खिडकीतून बघत होतो. पलीकडचा माणूस इतका ओरडत होता की आम्हाला आत ऐकू येत होतं. दुमान दोन पायांवर नीट उभा राहून एकच शब्द सांगत होता, न चिडता, न हसवता. मग त्यानं जानिलला फोन लावला. तिच्याशी काय बोलला ते माहीत नाही.

आत आला तेव्हा मी तोंड फिरवून बसलो होतो. रुसलोच होतो, काय लपवायचं. तो शेजारी बसला. म्हणाला, "सत्तरीला मी येणार आहे, मामा. तुमच्या शेजारी बसून गरम जेवणार आहे. इतकी वर्षं कुठल्या समारंभात मी बसलेलो नाही."

"आणि माझ्याबद्दल बोलणार कोण?"

"लोक बोलतील. मला एकदा नुसतं बसून ऐकायचंय, तुमच्याबद्दल काय बोलतात ते."

मी म्हटलं, आज मी सगळ्यांना जे बोललोय, त्यानंतर कुणी माझ्याबद्दल एक चांगला शब्द बोलणार नाही. तर म्हणतो, तेच ऐकायचंय. मी आपला त्याच्या वाटीत मटण वाढत राहिलो, आणि तो पुरे म्हणाला तेव्हा थांबलो.